आजीचे जग आणि 1972 चा दुष्काळ

आज आजीच्या दशक्रियेला एका सन्माननीय वक्त्यांनी सांगितले, की चूल आणि शेत एवढेच तिचे जग होते आणि बाहेर काय घडते आहे याचा तिला गंधही नव्हता. घाटावर जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. ती वेळ वाद घालण्याची नव्हती, म्हणून आता लिहितो.

1972 साली पावसाने पाठ फिरवली, जनावरे मिळेल त्या भावाला विकावी लागली आणि आजी दुष्काळी कामावर गेली. तान्ह्या मुलाची झोळी बाभळीला बांधून ती दिवसभर खडी फोडीत असे आणि संध्याकाळी घरी येऊन अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापीत असे. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ, ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून आणी. एकदा मुकादमाने तिच्या खडीचे माप कमी लिहिले, तेव्हा ती ढिगावर चढून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माप पुन्ना घ्या, त्याबिगर म्या खाली उतरत न्हाई.’’ माप पुन्हा घेतले गेले.

मे 1973 मध्ये राज्यातल्या अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशानेही रोजगार हमीचा कायदा केला. पागे यांची दूरदृष्टी मला मान्य आहे. ती कामे निघाली नसती तर आमच्यासारखी कितीतरी घरे उठली असती, हेही खरे. पण योजनेचे श्रेय सांगताना ज्यांना नावे आठवतात, त्यांना ढिगावर उभी राहिलेली बाई इतिहासाच्या बाहेरची कशी काय वाटते? कामाचा पुरता दाम मागणे हे राजकारण नव्हे, तर मग काय आहे? वक्ते ज्या रस्त्याने गाडीतून आले, त्याच रस्त्याची खडी तिने फोडली होती, आणि तरीही बाहेरचे जग म्हणे तिला ठाऊक नव्हते!

तिला ते पुरते ठाऊक होते. पुढे सुबत्ता आली, तरी कणगी तळाला लागली की तिची झोप उडायची आणि ताटात टाकलेला घास दिसला की ती दिवसभर आमच्याशी बोलत नसे. मिलोचे नाव मात्र तिने घरात कधी काढू दिले नाही. तेव्हा आम्हाला तो तिचा हट्ट वाटे.

आठवण सांगता सांगता फुगते, मुकादम दर वेळी थोडा अधिक घाबरट होत जातो, हे मी नाकारत नाही. तरी माप पुन्हा घेतले गेले होते.

धाकटे काका म्हणतात, की चार लोक चांगले बोलले, आता शब्दांचा कीस कशाला पाडायचा. त्यांच्या वयाचा मान राखून मी उलट बोललो नाही. पण बाभळीच्या झोळीत तेच होते.