ओनिझुकाचा हातोडा आणि माझी आई

सकाळी सकाळी डोकं फिरवलं एका कमेंटने. म्हणे जीटीओची, म्हणजे 'ग्रेट टीचर ओनिझुका'ची, १९९८ ची जपानी सिरियल म्हणजे पाणी घातलेलं दूध, मूळ मांगातला (जपानी कॉमिकमधला) चावटपणा काढला मग उरलं काय? अरे उरलं काय म्हणजे??

तोरु फुजिसावाच्या मांगाचे २५ च्या २५ खंड वाचलेत मी, खाकी कव्हर घालून, गादीखाली लपवून, कारण आईने एखादं पान उघडलं असतं तर माझी खैर नव्हती. हसून हसून पोट दुखलंय हेही खरं. पण ते हसू येतं कशातून? त्यातल्या मास्तरचे, ओनिझुकाचे, डोळे खोबणीबाहेर, शेंबूड लोंबतोय, जबडा छातीपर्यंत. ती शाई आहे हो. तेच सगळं हाडामांसाचा माणूस खऱ्या पोरींच्या वर्गात उभा राहून करायला लागला तर हसाल? मला शिसारी येईल. आपल्या पोरीला असला मास्तर चालेल का कुणाला?

सिरियल मात्र मी हॉलमध्ये बसून बघत होते, लॅपटॉपवर, आई शेजारी मेथी निवडत होती. पहिल्याच भागात ती भिंत येते. एका खोलीत राहणारं कुटुंब, मग पैसा आला, मोठं घर आलं, आईबाप तिकडे आणि पोरगी इकडे, बोलणंच बंद. ओनिझुका झालेला नट सोरिमाची हातोडा घेऊन येतो आणि मधली भिंत फोडतो. आईच्या हातातली काडी तशीच राहिली. सबटायटल तिला वाचता येत नव्हती, तरी म्हणाली, "बरं केलं पाडली."

आम्हीही पेठेतल्या दोन खोल्यांतून फ्लॅटमध्ये आलो होतो, मला स्वतःची खोली मिळाली होती आणि मी दार लावून बसायला लागले होते. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

ठीक आहे, सिरियलमधल्या ओनिझुकाचे केस मांगासारखे सोनेरी नाहीत, मान्य. त्याच्याच शाळेतल्या शिक्षिका फुयुत्सुकी मॅडमना एअर होस्टेस व्हायचं असतं हे मांगात नाही, तेही मान्य. पण मांगा तेव्हा निम्मीही झाली नव्हती, २००२ ला संपली, सिरियलवाल्यांना १२ भागांत आपला शेवट करायचाच होता. त्या शेवटच्या भागाला ३५.७ टक्के रेटिंग मिळालं, ते काय विग आणि चड्डीच्या जोकसाठी? भिंत ठेवली ना त्यांनी? मग मूळ गोष्ट ठेवली.

आत्ता लिहिताना आईला हाक मारून विचारलं, तो जपानी मास्तर आठवतो का गं. स्वयंपाकघरातून म्हणाली, "हातोडावाला ना? त्याचं पुढे काय झालं, तू दाखवलंच नाहीस."

रात्री दुसरा भाग लावतेय.