‘पत्रकाराला कायदा लागू नाही’ या संदेशाबद्दल

माझा भाचा कोल्हापुरात मोबाइलवर बातम्यांचे चॅनेल चालवतो. गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला मोठ्या विश्वासाने दाखवला. त्यात म्हटले होते की, माध्यमे हा घटनेने दिलेला चौथा स्तंभ आहे. पत्रकाराला प्रेस कौन्सिलशिवाय कोणी जाब विचारू शकत नाही. आणि बातमी खरी असेल तर पीडितेची ओळख देण्याचाही त्याला हक्क आहे.

घटनेत ‘चौथा स्तंभ’ हे शब्द कुठेही नाहीत. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य कलम १९ मधील नागरिकाच्या स्वातंत्र्यातूनच येते, वाजवी निर्बंधांसह. नागरिकाला नसलेला वेगळा हक्क वृत्तपत्राला नाही, हे बाबासाहेबांनी संविधान सभेतच सांगितले होते.

वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिल या संस्थेबद्दल अर्धे सत्य मान्य करावे लागते. १९७८ च्या कायद्याने तिला फक्त समज देण्याचा आणि निषेध करण्याचा अधिकार आहे, तोही वृत्तपत्रे व वृत्तसंस्थांपुरताच. मात्र कौन्सिल दुबळी आहे म्हणून न्यायालय दुबळे ठरत नाही आणि हे कोल्हापूरकराला तरी सांगावे लागू नये. येथील कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’त छापलेली पत्रे बनावट निघाली, तेव्हा १८८२ मध्ये खुद्द टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

तिसरा मुद्दा मात्र मला संताप आणतो, कारण त्याची किंमत एखादी मुलगी मोजते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचे नावच नव्हे, तर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असे काहीही माध्यमांत देता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. बालकाच्या हितासाठी परवानगी द्यायची असेल तर ती विशेष न्यायालयाने द्यायची, पत्रकाराने स्वतःच घ्यायची नाही. बातमी खरी आहे हा येथे बचावच नाही, कारण ओळख खरी असते म्हणूनच ती घातक ठरते. आपल्या पेठांमध्ये ‘अमुक तालमीजवळ राहणारी, तमुक शाळेत नववीत शिकणारी’ एवढे लिहिले, की संध्याकाळपर्यंत तिचे घर सगळ्यांना कळते आणि तिला शाळेची वाट बंद होते.

भाच्याने तयार करून ठेवलेल्या बातमीत मुलीचे नाव नव्हते, पण शाळा आणि तालीम दोन्ही होत्या. ती बातमी प्रसिद्ध होण्यापूर्वी आम्ही एकत्र बसून दोन्ही उल्लेख काढून टाकले.