'साध्या पाइपला तीन दिवस' या एक-स्टार रिव्ह्यूला आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. डिझेलचा पाइप बदलून एका दिवसात गाडी देतो म्हणालो आणि शनिवारी दुपारी दिली, ३,५०० सांगून ६,८५० चं बिल केलं, त्याबद्दल माफ करा. अंदाज बदलला तेव्हा ड्रायव्हरला विचारून भागवलं, फोन तुम्हाला करायला हवा होता. मासळीच्या गाडीची एक फेरी चुकली की माल आणि बर्फ दोन्ही अंगावर येतात, हे आम्हालाही कळतं.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, 'ड्रायव्हरने रस्त्यात रबराचा तुकडा टाकून काम भागवलं होतं. तोच नीट आवळून दिला असता तर अर्ध्या तासात झालं असतं, यांनी उगाच काम वाढवलं.' साहेब, उशीर केला म्हणा, महाग पडलं म्हणा, ऐकून घेऊ. काम वाढवलं म्हणू नका. हे वाचून उद्या भोसरीतला दुसरा गाडीवालाही तोच तुकडा आवळून मागेल.

तुमच्या टाटा ७०९ ट्रकचा गंजलेला पाइप टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल इंजिनाकडे आणणारा पंप) जाणारा, म्हणजे ओढणारा होता. त्यात डिझेल दाबाने येत नाही, फीड पंप ते ओढून घेतो. त्यामुळे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, म्हणून सगळे म्हणतात गळती नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी फीड पंपावरचा हातपंप मारत बसावं लागतं. तुमचा ड्रायव्हर महिनाभर रोज सकाळी हेच करत होता, हे त्यानेच सांगितलं.

आता तो रबराचा तुकडा. तो पाण्याच्या होजचा होता. असा होज डिझेलमध्ये फुगतो आणि आतून मऊ पडतो. ओढणाऱ्या लाइनवर चढाला ऍक्सिलरेटर दाबला की तो आतल्या आत चिमटतो. सपाटीला गाडी पळते, घाटात दम सोडते. आम्ही तो उभा चिरला तेव्हा आतलं भोक काडेपेटीच्या काडीएवढं उरलं होतं. शिवाय क्लिप आवळायची कशावर? चासीवरचा क्लॅम्प सोडला आणि त्याखालचा पाइप अंगठ्याने दाबला, तर पापडासारखा मोडला. मासळीचं खारट पाणी चासीवरून ओघळतं, क्लॅम्पच्या मागे चिखल धरतो, तो ओला चिखल पावसाळाभर पाइपाला चिकटून राहतो. उघड्या भागावर रंगसुद्धा शाबूत असतो, क्लॅम्पखाली मात्र काही उरलेलं नसतं. चारही क्लॅम्पांखाली तीच अवस्था होती, आणि रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप त्याच क्लॅम्पांतून जातो. ३,५०० चा अंदाज फोनवर फक्त ओढणाऱ्या पाइपाचा दिला होता. रिटर्न सडलाय हे क्लॅम्प सोडल्याशिवाय कोणालाच दिसलं नसतं.

'तांब्याचा टाकला असता तर पुन्हा गंजला नसता' असंही तुम्ही लिहिलंय. गंजला नसता, खरं आहे. पण तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होऊन चिकट होतं आणि गाडीच्या हादऱ्याने तांबं कडक होऊन नटाजवळ चिरतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचं जस्त डिझेलमध्ये उतरतं, म्हणून तोही नाही. आम्ही १० मिमी स्टीलचा पाइप टाकला. जुन्या पाइपाच्या वळणाची तार वाकवून माप घेतलं, बेंडरवर वळवला, म्हणजे कुठे दबला नाही. कापला कटरने, हॅक्सॉने नाही, कारण हॅक्सॉचा बारीक चुरा आत राहिला तर तो फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. पाइप हवेने फुंकला, डिझेलने धुतला, एक टोक बंद करून हलक्या दाबाची हवा आणि साबणाचा फेस लावून तपासला. सायलेन्सरपासून लांब नेला, प्रत्येक क्लॅम्पखाली रबर दिलं. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टांना तांब्याचे नवे वॉशर टाकले. जुने एकदा दबले की पुन्हा धरत नाहीत, आणि 'नवा पाइप टाकूनही एअर घेते' ही तक्रार बरेचदा तिथूनच येते.

बिल इथेच मांडतो. पाइप आणि फिटिंग १,९००, दोन्ही फिल्टर १,१५०, वॉशर-क्लॅम्प-रबर ३५०, डिझेल काढणं आणि टाकी उतरवणं ६००, मजुरी २,८५०.

त्यातले ६०० कशाचे, तर टाकी रिकामी करून आणा असं फोनवर सांगितलं होतं. गाडी बुधवारी संध्याकाळी आली ती टाकी भरून, मोजून ८२ लिटर. भरलेली टाकी उतरवता येत नाही. ड्रम जमवून, डिझेल गाळून काढण्यात गुरुवारची सकाळ गेली, तीही आमच्या सुट्टीच्या दिवशी. फिटिंगवाला गुरुवारी बंद असतो, म्हणून शुक्रवारी पोरगा नाना पेठेत पाठवला. बुधवार संध्याकाळ ते शनिवार दुपार म्हणजे तीन दिवसही पुरे होत नाहीत, पण असो.

चौथ्या दिवशी ताम्हिणी घाटात गाडी थांबली, याचं वाईट वाटलं. पण तेव्हा ड्रायव्हरने फोनवर काय सांगितलं तेही लिहितो. हातपंप जड झाला होता आणि फिल्टरचा स्क्रू सैल केल्यावर बुडबुडे आले नाहीत. पाइप हवा घेत असता तर हातपंप हलका लागला असता आणि फेस आला असता. जड लागला म्हणजे पुढे फिल्टर तुंबलाय. फिल्टर उघडल्यावर तळाला लाल गाळ निघाला, तो टाकीतला. टाकी उतरवली तेव्हाच तो गाळ ड्रायव्हरला दाखवला होता आणि १,२०० रुपयांत गरम पाण्याने धुऊन, वाळवून देतो म्हणालो होतो. त्याने तुम्हाला फोन लावला, तुमचं उत्तर आलं 'पुढच्या फेरीला बघू'. बिलाच्या मागे आम्ही ते लिहून ड्रायव्हरची सही घेतली आहे.

यापुढे अंदाज व्हॉट्सॲपवर लिहूनच देऊ, काम वाढलं तर मालकाला फोन, आणि पार्ट मिळतायत का तेही आधी बघून ठेवू. टाकी धुवायला आणलीत तर फिल्टरचा नवा सेट आमच्याकडून, टाकी उतरवण्याची मजुरीही घेणार नाही, फक्त धुण्याचे पैसे द्या. तुमचा जुना पाइप आणि तो चिरलेला होज काउंटरखाली पिशवीत ठेवलाय, येऊन स्वतः बघा. गुरुवार सोडून कधीही या.

या वेळी मात्र टाकी रिकामी करून आणा.