तीन भोकांच्या फोटोवर रायफल भरू नका

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला बीड, जालना आणि परभणीकडच्या सात ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘छोट्या बोअरच्या शिकारी रायफलीची काडतुसं घरीच भरा. .22 ची पुंगळीसुद्धा पुन्हा भरता येते. दारू कुठलीही चालते, जराशी जास्त घाला, गोळी दोरीसारखी सरळ जाते. कंपनीच्या मालापेक्षा नेम भारी, पुरावा फोटोत बघा. लायसन आपलं, रान आपलं, मग डुक्कर मारायला विचारायचं कुणाला?’ (.22 म्हणजे 0.22 इंच, साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीची गोळी. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आणि दारू ती बंदुकीची.) खाली फोटो. कागदावर एकमेकांना चिकटलेली तीन भोकं, शेजारी दहाचं नाणं.

मी बारा वर्षं .22 रायफलनं 50 मीटरवर नेमबाजी करतो. घर अंबडकडं, मोठ्या सरावाला पुण्याची बालेवाडी गाठावी लागते. हा मेसेज मला सर्वांत आधी माझ्या चुलतभावानंच पाठवला. गेल्या वर्षी त्याचा दोन एकर मका डुकरांनी एका रात्रीत लोळवला. ‘दादा, रातभर जागून जागून जीव चाललाय, हे करून बघावं का?’ एवढंच त्यानं लिहिलं होतं. मेसेज पुढं ढकलणारे बहुतेक असेच टेकीला आलेले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. अमेरिकेत, युरोपात काडतुसं स्वतः भरणारे नेमबाज आहेत आणि त्यांचं काम फार बारकाईचं असतं. पण ती काडतुसं वेगळ्या जातीची. त्यांच्या बुडाशी मधोमध, पिन आदळली की पेटणारी टिकली बसवलेली असते, उडाली की काढून नवी बसवता येते. ही माणसं एकाच वजनाच्या गोळ्या निवडतात, पुंगळ्यांची लांबी सारखी करतात, गोळी पुंगळीच्या तोंडात तिरकी बसली नाही ना हे मोजून बघतात. दारू बनवणाऱ्या कंपनीनं प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या तक्त्याबाहेर ती जात नाहीत. एका काडतुसात आणि दुसऱ्यात फरक उरू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. अचूकता येते ती तिथून. जोर वाढवून नाही.

आता .22 ची पुंगळी. रेंजवर पडलेली एखादी उचलून उजेडात धरा. बुडाच्या कडेवर एक चेपलेली खूण दिसेल, तांदळाच्या कणीएवढी. बुडाच्या मध्यावर काहीच नाही, टिकलीला जागाच नाही. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला कारखान्यात त्या पोकळ कडेच्या आत भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. एकदा चेपलेली पातळ पितळी कड पुन्हा भरवशाची होत नाही, आणि तो मसाला नुसत्या घासण्यानंही पेटतो. 1887 पासून हे काडतूस एकदाच वापरायचं म्हणूनच बनतं आहे.

आणि याच काडतुसावर जगातली मोठमोठी पदकं जिंकली जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवलं. त्या टार्गेटवर मधलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे दहाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही लहान. तिथं घरी भरलेलं काडतूस कुणी आणत नाही. नेमबाज काय करतात, तर रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यात वेगवेगळ्या खेपेला बनलेली, काडतुसं मारून बघतात. आपल्या नळीला जो लॉट मानवला तो शक्य तितका विकत घेऊन ठेवतात. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉटसुद्धा एका नळीत वेगळे वागतात. छोट्या बोअरमध्ये अचूकता शोधायचा हा रस्ता आहे.

‘दारू वाढवली की गोळी सरळ जाते’ हे तर उलटंच आहे. मॅचच्या .22 गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला साधारण 325 मीटरच्या आसपास ठेवतात. वेगवान .22 काडतुसाची गोळी आवाजाच्या पुढं निघते, आणि शंभर मीटरच्या आतच वेग उतरून पुन्हा आवाजाच्या वेगातून खाली येते. त्या टप्प्यावर तिला हिसका बसतो आणि गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. शिवाय दाब दारूच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, एका हद्दीनंतर तो उसळी घेतो. .22 ची जास्तीत जास्त दाबाची मर्यादाच हवेच्या दाबाच्या साधारण 1600 पटींवर आहे, मोठ्या काडतुसांत ती त्याच्या दुपटीपुढं जाते. हे सगळं गालापासून चार बोटांवर घडत असतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये तापलेली काडतुसं थंडीतल्यापेक्षा जास्त दाब देतात. आधीच हद्दीवर भरलेल्या काडतुसाला तेवढं निमित्त पुरतं.

‘कुठलीही दारू चालते’ यावर एवढंच: फटाक्याची दारू रायफलीत घालायची नाही. काडतुसातली दारू ठरलेल्या गतीनं जळत गोळीला पुढं ढकलते. फटाक्यातली एका झटक्यात फुटते, आणि नळी फाटते.

आता फोटो. मेसेजचा सगळा जोर त्याच्यावरच आहे, आणि लोक फसतात तेही तिथंच. मागच्या थंडीत मी एकाच डब्यातली सरावाची साधी काडतुसं घेतली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि 50 मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे दहा गट मारले, प्रत्येक गट वेगळ्या कागदावर. रायफल तीच, डबा तोच, हात तेच, वारा जवळपास नव्हताच. सगळ्यांत लहान गट 7 मिलिमीटरचा आला. तिन्ही भोकं एकमेकांत शिरलेली, कडांना शिशाची राखाडी किनार. सगळ्यांत मोठा 24 मिलिमीटरचा, पहिल्याच्या तिपटीहून जास्त. मग दहाही कागद एकावर एक ठेवून मध्य जुळवला, तर तीस भोकांचा पसारा दहाच्या नाण्याबाहेर गेला.

यातला 7 मिलिमीटरचा कागद तेवढा ग्रुपवर टाकला असता, तर माझ्या साध्या काडतुसांनाही लोकांनी जादूची म्हटलं असतं. तीन गोळ्यांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. काडतूस तेच ठेवून दहा गोळ्या मारल्या, तर गट सरासरीनं तीनच्या गटाच्या दीडपटीहून थोडा मोठाच येतो. म्हणून दोन काडतुसांची तुलना करायची तर दोन्हींच्या किमान दहा-दहा गोळ्या, त्याही दोन-तीन वेगळ्या दिवशी, आणि चुकार भोक धरून मोजायचं. ‘ती माझ्या हातून सुटली’ म्हणून एक भोक वगळलं की मोजमाप संपलं. त्या फोटोच्या आधी किती कागद चुरगाळून टाकले, हे फोटो सांगत नाही. शेजारी कंपनीच्या काडतुसाचा कागदही नाही. मग ‘पेक्षा भारी’ कशावरून?

कायद्याचं तर अगदी सरळ आहे. बंदुकीचा परवाना बंदूक बाळगायचा. दारूगोळा बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 5 खाली येतं, त्याला वेगळा परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. रानडुक्कर आणि नीलगाय 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहेत. पिकाची नासाडी होत असेल तर मारण्याची परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, पण ती वनखात्याकडून, लेखी. रान आपलं असलं तरी.

आणि .22 नं डुक्कर मारायचंच नसतं. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. डुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होऊन उसात घुसतं. सकाळी त्याच उसात तोडणीची टोळी शिरते, बायका असतात, पाचटावर निजवलेली लेकरं असतात. चुकलेली गोळी दीड किलोमीटरच्याही पुढं जाते, आणि आपल्या सपाट रानात तिला अडवायला टेकाड नसतं. शेजारच्या माळ्यावर कुणी राखणीला बसलंय का, अंधारात काय दिसणार?

चुलतभावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मग मी आता काय करू ते सांग.’ शनिवारी त्याच्याकडं गेलो. बांधावरच्या खुरांचे आणि यंदाही लोळलेल्या मक्याचे फोटो काढले, सातबारा घेतला आणि वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात दोन अर्ज दिले, एक नुकसानभरपाईचा, एक परवानगीचा. दोन्हींच्या पोच त्याच्या खिशात आहेत. मेसेज त्यानं ज्या ग्रुपांवर टाकला होता, तिथं आता हे टाकतोय.