‘४०० सीसीखाली लडाख नाही’ या मेसेजला उत्तर

मे महिना आला की रायडर ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. लडाख-स्पितीला किमान ४०० सीसीचं इंजिन हवंच. पॉवर जितकी जास्त तितकी गाडी लांबच्या प्रवासाला चांगली. ग्राउंड क्लीअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतल्या अंतराचा, आकडा मोठा तीच ऑफरोडला सरस. आणि तारांची, म्हणजे स्पोकची चाकं जुनाट, एकसंध ओतीव अलॉयचीच घ्या. हे वाचून पोरं कर्ज काढून गाड्या बुक करतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी सीसी. उंचावर ताकद घटते हे खरं. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथली हवा इतकी विरळ असते की टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेलं कुठलंही इंजिन जवळपास चाळीस टक्के ताकद गमावतं. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चे ४० पीएस (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) तिथे २४ च्या आसपास उरतात, हिरोच्या छोट्या एक्सपल्स २०० चे १९ पीएस ११ वर येतात. मागे माणूस आणि दोन भरलेल्या सॅडल बॅगा असतील तर छोट्या गाडीचे चढावर हाल होतात, तिथे मोठं इंजिनच घ्या. पण एकट्याने, बेताच्या सामानासह जाणाऱ्याचा त्या रस्त्यांवर वेगच तीस-चाळीसचा असतो. तेवढ्याला ११ पीएस पुरतात. शिवाय फ्युएल इंजेक्शन हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळातलं गुदमरणंही बरंच कमी झालंय.

लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी दोन्हीवर दुचाकीला बंदी आहे. बाकी चौपदरी रस्त्यांवर केंद्राने मोटरसायकलला घातलेली मर्यादा ताशी ८० किमी. त्या वेगाला जवळपास ४०० सीसीची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर दिवसभर निवांत चालते, ट्रक ओव्हरटेक करायला ताकद शिल्लक असते. दोनशे सीसीची गाडी तिथे सतत ताणात असते, हँडलची झिणझिण संध्याकाळपर्यंत मनगटात उतरते. घरापासून मनालीपर्यंत चालवतच जाणार असाल तर ४०० घ्या, एवढ्यापुरतं मेसेजशी माझं भांडण नाही. पण टाकीचा हिशोब त्यात नसतो. मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमधल्या तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किमी’ असा फलक वर्षानुवर्षे होता. हिमालयनची टाकी १७ लिटरची, केटीएमची साडेचौदा, एक्सपल्सची १३. छोटी गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर जास्त देते, म्हणून एका टाकीत ती हिमालयनच्या जवळपास तेवढीच जाते.

ग्राउंड क्लीअरन्सचा आकडा शोरूममधल्या रिकाम्या गाडीचा असतो. सामान आणि मागे माणूस चढला की सस्पेन्शन दबतं आणि आकडाही खाली येतो. मागचं प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्या, दहा मिलिमीटरच्या फरकावर गाडी निवडू नका.

मला सर्वात खटकतं ते हे, की मेसेजमध्ये वजनाचा शब्दही नाही. हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स १५९. दोघींच्या सीटची उंची सारखीच, ८२५ मिमी. म्हणजे पाय टेकण्यात फरक नाही, पण कलंडताना सावरायचं वजन ३७ किलोंनी वेगळं. पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या रस्त्याला जा. चिखलात पुढचं चाक घसरतं, उताराच्या बाजूला पाय टेकायला जमीनच सापडत नाही आणि गाडी आडवी होते. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढायचा. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात ग्रिपवर, दुसरा ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत तिला उभी करायची. निसरड्यात तिसऱ्यांदा हे करताना मांड्या थरथरतात. दमलेला माणूस पुढच्या वळणावर चुकतो आणि दुखापत तिथे होते. म्हणून बुकिंगआधी शोरूमवाल्याला विचारून गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलती करून बघा. एकट्याने सावरत नसेल तर ती तुमच्यासाठी नाही, मग पॉवर कितीही असो.

राहिली चाकं. अलॉयवर ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर बसतात, त्याचा फायदा मोठा आहे: चाक न काढता भोकात रबरी प्लग मारला की निघालात. पण दगडावर अलॉयची कड वाकली की कडेने हवा सुटते, आणि तडा गेला तर रिमच बदलावी लागते. स्पोकची रिम मार सोसते, थोडी वाकडी झाली तर ताणून सरळही होते. ट्यूबचं पंक्चर वेळखाऊ असलं तरी गावोगावचा पंक्चरवाला ते काढतो. डांबर जास्त तर अलॉय, दगडधोंडे जास्त तर स्पोक. दोन्ही हवं असेल तर हिमालयनला ट्युबलेस स्पोकचा पर्याय आहे.

कर्ज काढणाऱ्यांसाठी अजून एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, त्याखालच्यांना १८. वर्षातून एकदा हिमालय आणि बाकी शनिवार-रविवार सह्याद्री असं तुमचं फिरणं असेल तर छोटी गाडी घ्या, आणि वाचलेल्या पैशातून आधी घोट्याच्या वर येणारे चांगले रायडिंग बूट विकत घ्या.