‘पेन्शनीतलं स्मरणरंजन’ म्हणणाऱ्या वाचकास

विनोदी मालिकांमधल्या घरांवरच्या माझ्या लेखावर ‘एक प्रेक्षक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘हम पांच’चं साल मी चुकवलं, जुन्या मालिकांतली बाई स्वयंपाकघराबाहेर पडत नव्हती, ती सगळी घरं शहरी नोकरदारांची होती. आणि शेवटी हे वाक्य : “पेन्शनीत निघालेल्या माणसाचं स्मरणरंजन, साताऱ्यात बसून दुसरं काय सुचणार!”

सालाचं मान्य. ‘हम पांच’ 1995 ची, 1993 ची ती ‘देख भाई देख’. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता त्या वाक्याबद्दल. पहिली गोष्ट, मी पेन्शनीत निघालेलो नाही, माझी सहा-सात वर्षं नोकरी बाकी आहे. आणि निघालो असतो तरी बिघडलं काय? ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’तले आबा निवृत्तच होते. घरातला सगळ्यात म्हातारा माणूस मुला-सुनेचं, नातवंडांचं बघतो आणि वहीत लिहून ठेवतो, यावर ती अख्खी मालिका उभी होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव होते, 2001 पासून तेच आबा. एकाच नटाच्या अंगावरून मराठी घर वीस-बावीस वर्षं पुढे सरकलेलं दिसतं. हे लक्षात यायला म्हाताऱ्यांची हेटाळणी सोडावी लागते.

दुसरं, ‘साताऱ्यात बसून’. मोती चौकाजवळ माझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की हत्यारांची पेटी घेऊन मी त्यांच्याबरोबर घरोघरी जायचो. अँटेना फिरवायला मी कौलांवर, वडील आत सेटमागे, आणि दारात उभं राहून कुणीतरी ओरडायचं, “गेल्या गेल्या मुंग्या, आता हलवू नको!” मालिका बघणारी इतकी घरं मी आतून पाहिली आहेत. तुम्ही किती पाहिलीत, ते लिहिलेलं नाही.

अशाच एका घरी 1988 साली ‘वागळे की दुनिया’ लागली होती. काकू कणकेचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर टेकल्या. पडद्यावर बायकोपुढे, राधिकेपुढे, वागळेचं काही चालेना, तशा त्या काकांकडे बघत मनगटाने तोंड झाकून हसायला लागल्या. काका भिंतीकडे बघत होते. एरवी काकांसमोर त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातली बाई म्हणून जिला तुम्ही एका ओळीत निकालात काढलंत, तिला ती मालिका काय देत होती, ते मी त्या उंबऱ्यावर पाहिलंय. मला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आणि ‘हम पांच’च्या सालावर बोट ठेवलंत, मग ती नीट आठवा तरी! पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको. त्या सगळ्यांच्या कात्रीत अशोक सराफांनी उभा केलेला बाप. त्या घरात आवाज कुणाचा होता, तुम्हीच सांगा.

हल्लीच्या विनोदी कार्यक्रमांत बाई मोकळी झाली, असंही तुम्ही म्हणता. तिथल्या मुली उत्तम काम करतात, याबद्दल वाद नाही. पण तिथलं घर दहा-पंधरा मिनिटांचं. प्रवेश संपला की सोफा उचलतात. मालिकेत तीच माणसं पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत परत यायची, मागचा रुसवा घेऊन. माझा लेख त्या रुसव्यावर होता. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही.

शहरी नोकरदार घरांचा मुद्दा वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

टीका जरूर करा, पण माझं वय आणि माझं गाव काढू नका. यापुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानिशी आली तरच प्रसिद्ध करीन.