ज्यांच्या घरात सर्व्हे केला, त्यांना निकाल कोण सांगणार?

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी आतापर्यंत कितीजण माहिती घेऊन गेले, हे त्या घरालाही सांगता येणार नाही. तलाठी येतो, कॉलेजची पोरं येतात, संस्थेचा माणूस टॅब घेऊन येतो. आधार दाखवा, इथं सही करा. त्या माहितीचं पुढं काय झालं हे सांगायला मात्र कुणी फिरकत नाही. मला याची मनापासून चीड आहे.

२०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. हा सरकारी आकडा. प्रकरण 'पात्र' ठरलं तर एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. मूल्यमापनाच्या फॉर्मवर प्रश्न एकच, 'मदत मिळाली का?' बाई 'हो' म्हणते आणि योजना यशस्वी ठरते.

आमच्या भागातल्या अशाच एका घरातली विधवा ताई म्हणाली, "चेक आला त्याच आठवड्यात खताच्या उधारीत गेला. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, मग मला पीककर्ज कोण देतंय? पोरीची शाळा सुटली का, हे इचारा की कधी." फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या अशा ५०५ महिलांशी बोलून हेच विचारलं, तेव्हा कसत असलेल्या जमिनीचा हक्क न मिळालेल्या ४० टक्के निघाल्या. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. म्हणून प्रश्न काय असावेत, हे या बायकांना बसवूनच ठरलं पाहिजे.

वेळेचंही तेच. बीडकडं दिवाळी झाली की कोयता निघतो, म्हणजे कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गाव सोडतात. जानेवारीत सर्व्हेला गेलात तर तांड्यावर कुलपं आणि म्हातारी माणसं भेटणार. ज्या कुटुंबासाठी योजना आहे ते त्या वेळी कारखान्याच्या फडात असतं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया तिथल्या बायाबापड्यांना कितीतरी आधीपासून माहीत होत्या. सरकारनं मात्र त्या २०१९ मध्ये मोजल्या, तेव्हा ८२,३०९ महिलांत शस्त्रक्रिया झालेल्या १३,८६१ निघाल्या.

लोकांनाच विचारून योजना तपासणं आपल्याला नवं नाही. २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. गावानंच उपकेंद्राचं, दवाखान्याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. कुटुंबांच्या मदतीच्या योजनांना हीच पद्धत का नको?

लोक म्हणतात, गावात भावकी आहे, खरं कोण बोलणार? मुद्दा रास्त आहे. दीर समोर बसलेला असताना वहिनी जमिनीचा विषय काढत नाही, आणि ग्रामसभेत सरपंचाचीच माणसं पुढं असतात. म्हणून आधी बायकांची वेगळी बैठक घ्या. आशाताई किंवा बचतगटातली ओळखीची बाई सोबत असू द्या. नंतर ग्रामसभेत नावं न घेता निष्कर्ष वाचा. मुंबईला अहवाल जाण्याआधी गावानं तो ऐकावा, चुकलं तिथं दुरुस्त करावा.

आणि अर्धा दिवस बसवून घेतलेल्या बाईला तिची मजुरी द्या. टॅबवाल्याला त्याच दिवसाचा पगार मिळतो. पुढचा सर्व्हे काढणाऱ्यांनी बजेटमध्ये ही रक्कम आधी लिहावी, आणि गावात दसऱ्याच्या आत यावं.